तांबड्या रुळाचा निकाल

उतारावरून दोन रूळ एकाच क्षणी सोडले, दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच वजनाचे असले, परंतु एकातले लोखंड मध्याजवळ आणि दुसऱ्यातले कडेजवळ बसवलेले असले, तर मध्याजवळ लोखंड असलेला रूळ पुढे जातो. दरवेळी पुढे जातो. ह्याला परंतुक नाही आणि ह्यावर अपीलही नाही. साताऱ्याच्या न्यायालयीन कचेरीत मी पस्तीस वर्षे काढली. इतका निर्विवाद नियम मला तिथल्या कुठल्याही ग्रंथात आढळला नाही. ज्या माणसाने निवृत्तीनंतर हा नियम मला शिकवला, त्यानेच तो जत तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणात खोटा पाडला. ह्या गोष्टीला वर्ष होत आले, तरी लिहिताना माझे अक्षर बिघडते.

हा माणूस माझा मित्र. मूळचा सांगलीचा. तरुणपणी साताऱ्यात विज्ञानाचा शिक्षक म्हणून आला, तेव्हा आम्ही एकाच घरमालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. त्याच्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या पत्नीने धरली आणि माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात रुग्णालयाच्या बाकावर माझ्याबरोबर तोच बसून राहिला. पुढे तो सांगलीला परतला, तरी आमचा पत्रव्यवहार तुटला नाही. दोघेही निवृत्त झाल्यावर त्याने सुचवले की आपण दुष्काळी भागातल्या शाळांत जाऊन मुलांना एखादी साधी गोष्ट नीट समजावून सांगू या. कोणती गोष्ट, असे मी विचारले. तो म्हणाला, वस्तू गडगडत कशी जाते ती.

मला हसू आले होते. पण त्याने सांगलीच्या एका लाकूड कातणाऱ्या कातारी कारागिराकडून साहित्य करून घेतले आणि माझे हसू थांबले. एक सहा फुटांची गुळगुळीत फळी. दोन सारखेच गोल पत्र्याचे डबे, म्हणजे आमचे रूळ, एक तांबडा आणि एक पिवळा रंगवलेला, बाजूने झाकणे स्क्रूने बसवलेली. प्रत्येक डब्यात एक लाकडी गाभा आणि गाभ्यात आठ लोखंडी बोल्ट. तांबड्यात बोल्ट मध्याला चिकटून, पिवळ्यात कडेला गोल मांडलेले. किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही डबे आम्ही तोलले, काटा हलला नाही. मी माझ्या जन्माच्या सवयीप्रमाणे दोन्ही गाभ्यांवर पेन्सिलीने लिहून ठेवले: तांबड्यातल्या गाभ्यावर ‘निशाणी १’, पिवळ्यातल्या गाभ्यावर ‘निशाणी २’. तो मला हसला. डब्याला तू कोर्टात उभे करणार का, म्हणाला.

शिकवण्याची त्याची हातोटी मात्र विलक्षण होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. आधी तो फळीवर एक विटेचा तुकडा ठेवी. तुकडा जागचा हलत नसे. मग तो एक गोटी सोडी. दोघींना उतार सारखाच, मग एक का बसून राहिली, असे तो विचारी. वीट घासली जाते, म्हणून अडते. गोटीला फळीची पकड मिळते ती मात्र अडवण्यासाठी नव्हे, वळवण्यासाठी. तीच फळी तेलाने निसरडी केली तर गोटीही वळणार नाही, नुसती घसरत जाईल. त्यानंतर तो मोठी गोटी आणि लहान गोटी एकदम सोडी. सगळा वर्ग जड गोटीच्या बाजूने ओरडे आणि दोन्ही गोट्या बरोबर पोहोचत. मग एक नाणे आणि एक बांगडी. नाणे पुढे, बांगडी मागे.

कारण सांगताना तो पूर्वी खळ्यावरच्या मळणीचा दाखला देई. मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, कडेच्या बैलाला मात्र धावावे लागते, असे तो सांगे. कवठे महांकाळजवळच्या एका शाळेत मुले त्याच्याकडे नुसती बघत राहिली, कारण त्यांच्या जन्माआधीच मळणीयंत्र आले होते आणि खांबाभोवती गोल फिरणारी बैलांची पात त्यांनी पाहिलेलीच नव्हती. तेव्हापासून तो सात मुलांना हातात हात धरून एका रांगेत उभे करी आणि एका टोकाच्या मुलाभोवती सगळी रांग गरगर फिरवी. ज्याच्याभोवती फिरायचे तो नुसता पाय हलवी, दुसऱ्या टोकाचा धापा टाकी. मग तो सांगे की उतार प्रत्येक वस्तूला सारखीच शिदोरी देतो. तिच्यातली काही पुढे जाण्यात खर्च होते आणि काही स्वतःभोवती फिरण्यात. ज्याचे वजन कडेला, त्याला फिरण्यातच जास्त खर्च येतो, म्हणून तो पुढे जायला कमी पडतो. एवढे झाल्यावर तांबडा आणि पिवळा रूळ बाहेर निघत.

जत तालुक्यातली ती शाळा आम्ही शेवटची घेतली होती. तिथे आदल्या दुपारी शिकवणे आणि दुसऱ्या सकाळी जाहीर प्रयोग असा बेत होता. प्रयोगाला एक अट मुख्याध्यापकांनी जोडली: जो विद्यार्थी कोणता रूळ पुढे जाईल हे कारणासकट सर्वांसमोर बरोबर सांगेल, त्याचे नाव तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाईल. शाळेतून एकच नाव जायचे होते.

आदल्या दुपारी सातवीतल्या एका मुलीने आम्हा दोघांना थक्क केले. घरी कानडी बोलणारी, मेंढपाळाच्या घरातली मुलगी. वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे असत, म्हणून ती आजीजवळ राही. रूळ फळीवर सोडणे दुसऱ्या दिवसासाठी राखले होते, म्हणून सगळी मुले ते नुसते हलवून, कानाशी धरून पाहत होती. हिने दोन्ही रूळ दोन हातांत घेतले आणि किल्ली फिरवावी तसे मनगटाने इकडून तिकडे वळवले. पिवळा वळायला कुरकुर करतो, तांबडा लगेच वळतो, म्हणून तांबडा पुढे जाणार, असे तिने सांगितले. माझा मित्र तिच्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षांत एकाही मुलाने हे आपण होऊन केले नव्हते, असे तो संध्याकाळी चहा पिताना दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीचे प्रमुख पाहुणे गावातलेच एक निवृत्त सुभेदार होते. शाळेला पाण्याची टाकी आणि आपल्या बोअरवरून नळ देण्याचे त्यांनी कबूल केले होते. ती शाळा टँकरवर चाले, मुली घरून बाटलीत पाणी आणत. त्या भागात एक पद्धत आहे. जत्रेतली पालखी असो, बैलजोडी असो की शाळेतली स्पर्धा, मान ज्याला दिला त्याचे मागे राहू द्यायचे नाही. मानाचे मागे पडले तर ते गावालाच लागते, असे मानतात. मुख्याध्यापकांनी संध्याकाळीच आम्हाला सांगून ठेवले की पाहुणे प्रथम आपला रूळ निवडतील, आणि देवाच्या भंडाऱ्याचा रंग म्हणून ते पिवळाच घेतील. एवढे सांगून ते अवघडून थांबले. मी म्हणालो की मग पाहुणे हरतील. माझा मित्र काही बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

सकाळी मी अंघोळीला गेलो असताना खोलीत रूळ आणि तो, दोघेच होते.

पटांगणात फळीपुढे नारळ फोडला गेला, दोन्ही रुळांना हळदकुंकू लागले. सुभेदारांनी पिवळ्याला हात लावला. मुलगी उभी राहिली आणि न अडखळता तिने कारण सांगितले: कडेचे वजन, मधले वजन, रांगेतल्या टोकाच्या पोराची धाप. टाळ्या पडल्या. शिट्टी झाली. पिवळा रूळ हातभर पुढे गेला.

गाव हसले. वाईट हेतूने हसले नाही, पण हसले. मागून एक जण म्हणाला की मेंढरं मोजायची सोडून ही डबं मोजाय लागली. मुलगी हसणाऱ्यांकडे बघतच नव्हती, रुळांकडे बघत होती. ती सरळ माझ्याकडे आली.

“आजोबा, ह्यो तो न्हाई. काल मी धरला हुता तो ह्यो न्हाई. जरा हातात द्या की.”

मला नियम ठाऊक होता. तांबडा हरू शकत नाही हे ठाऊक होते. मी मित्राकडे पाहिले. फळीला बाक आला असेल, वारा होता, असे तो हलक्या आवाजात म्हणाला आणि मी ते स्वीकारले. निसर्गाच्या नियमापेक्षा मी माझ्या मित्रावर अधिक विश्वास ठेवला. मुलीला मी म्हणालो, “बाळ, निकाल मान्य करायला शिकावे लागते.” मग मुख्याध्यापकांनी उपक्रमाची नोंदवही पुढे केली. तिच्यात अंदाज चूक, निकाल पिवळा, असे लिहिलेले होते. साक्षीदार म्हणून पहिली सही त्याची, दुसरी माझी. आयुष्यभर मी लोकांना बजावत आलो की तपासल्याशिवाय सही करू नका.

रूळ माझ्या पिशवीत साताऱ्याला आले. दोन दिवस ते मला स्वस्थ बसू देईनात. शेवटी मी स्वयंपाकघरातला पाट भिंतीला टेकवून ते सोडले. पिवळा पुढे. पुन्हा सोडले, पिवळाच पुढे. तेव्हा स्क्रूच्या खाचांकडे माझे लक्ष गेले. रंगाखालचा पांढरा पत्रा ताजा खरवडलेला होता. झाकण काढले. पिवळ्या डब्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: निशाणी १.

मी झाकण होते तसे लावले, दोन्ही रुळांना दोरा गुंडाळला, कागदाची पट्टी चिकटवून तीवर सही केली. मुद्देमाल जसा सापडला तसाच ठेवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सांगलीला गेलो. त्याने दार उघडले, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि ओळखले. नाकारले नाही. चहा टाकला. त्याच्या घरातला माझा कप वेगळा आहे, त्यातच दिला.

“अरे, टाकी मिळत होती त्या पोरांना,” तो म्हणाला. “त्या माणसाला गावासमोर हरवून पाठवला असता आणि तो फिरला असता तर? एका पोरीचा अंदाज एक दिवस चुकला. काय बिघडलं?”

“तिचा अंदाज चुकला नव्हता. तू चुकवलास.”

“तुला जन्मभर कोर्टात राहून सगळीकडे आरोपी दिसायला लागलेत.”

मी त्याच्याकडे फक्त तीन ओळी मागितल्या. गाभे बदलले गेले होते, निकाल ग्राह्य धरू नये, मुलीचे उत्तर बरोबर होते. एवढे लिहून सही कर, पुढचे मी बघतो, असे सांगितले. नावे पाठवायला अजून पाच दिवस होते. तो म्हणाला की चाळीस वर्षे मुलांनी मला नमस्कार केला आहे, ह्या वयात एका कागदावर लबाड म्हणून सही करणार नाही. मी म्हणालो की ती मुलगीसुद्धा आता गावात चुकलेली म्हणूनच ओळखली जाते आहे, आणि तिचे वय बारा आहे. तो उठून आत गेला. त्याची पत्नी बाहेर आली आणि जेवूनच जा म्हणाली. मी न जेवता निघालो. त्या घरातून उपाशी निघण्याची माझी ती पहिली वेळ.

मग मी मला जे येते ते केले. मुख्याध्यापकांना सविस्तर अर्ज लिहिला, सात परिच्छेदांचा, पोचपावतीसह पाठवला, आणि वेळ जाऊ नये म्हणून त्याचे छायाचित्र मोबाइलवरही धाडले. फेरप्रयोगाची विनंती केली. उत्तर त्याच संध्याकाळी आले. दोन वाक्ये होती. ‘सदर निकालावर साक्षीदार म्हणून आपली स्वतःची स्वाक्षरी आहे. सबब फेरप्रयोगाची आवश्यकता वाटत नाही.’ मुख्याध्यापकांवर मी रागावलो, पण त्यांच्या उत्तरातली चूक मला दाखवता येईना. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच लिहिले असते.

दुसरे पत्र सुभेदारांना लिहिले आणि तेही मोबाइलवर धाडले. त्यांचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, रिक्षांच्या आवाजात त्यांचे बोलणे दोनदा विचारावे लागले.

“आवं साहेब, मला जिंकवा म्हून मी कवा म्हणलं? फौजेत खेळात लय येळा हरलोय. हरलो म्हून काय टाकी परत न्हेणार हुतो व्हय? त्या पोरीला लोक हसलं आन मी हार घालून उभा. मला लाज वाटाय लागली आता.”

शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा मी येतो, तुम्हीही या, मुख्याध्यापक नाही कसे म्हणतात ते बघू, असे ते म्हणाले. मी सांगितले की नावाची मुदत शुक्रवारी संपते. ते म्हणाले, आजच सांगतो. त्यांनी सांगितलेही असावे. परंतु शनिवारी मी शाळेत पोहोचलो तेव्हा मुख्याध्यापकांनी मला आधीच बाजूला घेऊन कळवले की नाव गुरुवारीच ऑनलाइन भरले गेले, आठवीतल्या एका मुलाचे, ज्वालामुखीच्या प्रतिकृतीसाठी, आणि आता ते बदलता येत नाही. त्या मुलाचा ह्यात काही दोष नव्हता.

फळी सांगलीलाच होती. म्हणून वर्गातले एक बाकडे उचलून दोन विटांवर टेकवले. सुभेदार स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते. मी सर्वांसमोर दोरा दाखवला, पट्टीवरची माझी सही दाखवली आणि कापली. झाकण उघडायला लागलो, तेव्हा ती मुलगी म्हणाली की आत्ताच उघडू नका.

तिने माझ्याकडे पाठ करून उभे राहून डोळे मिटले आणि दोन्ही हात मागे केले. मी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा रूळ दिला. तिने मनगटे इकडून तिकडे वळवली.

“ह्यो पुढं जातूय,” तिने उजवा हात हलवला. तिच्या उजव्या हातात पिवळा होता.

बाकड्यावरून सोडले. पिवळा पुढे गेला, त्या दिवशी गेला होता तसाच. मग झाकणे काढली. निशाणी १ पिवळ्यातून निघाली. मुलांनी डोकी खुपसून पाहिली, पेन्सिलीचे अक्षर एकाने मोठ्याने वाचले. मुलीने गाभे आपल्या हाताने बदलले, सुभेदारांनी स्क्रू आवळले आणि दोन्ही रूळ पुन्हा सोडले. तांबडा हातभर पुढे. पुन्हा तांबडा. तिसऱ्यांदा सुभेदारांनी स्वतः पिवळा धरला, त्याला दोन बोटे लावून ती कपाळाला टेकवली, तो सोडला, आणि हरले. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग मुलीने दोन्ही रूळ त्यांच्या हातात देऊन मनगट कसे फिरवायचे ते शिकवले, आणि तो साठीचा माणूस दहा मिनिटे डोळे मिटून ते करत राहिला.

नोंदवही मी मागून घेतली. मुख्याध्यापक म्हणाले की नोंदीत खाडाखोड चालत नाही. मी म्हणालो की खाडाखोड कोण करतो आहे. जुन्या ओळीखाली मी नवीन मजकूर लिहिला: वरील निकालावर मी वस्तू न तपासता सही केली होती, ती मी मागे घेत आहे, मुलीचे उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होते. तारीख घातली. सुभेदारांनी खाली मराठीत सही केली, हळू, एकेक अक्षर जपून. गाभे कोणी बदलले ते मी लिहिले नाही. तेवढे एक वाक्य माझ्याच्याने उमटले नाही. कायद्याच्या दृष्टीने ती नोंद अपुरी आहे, हे मला ठाऊक आहे.

मी निघालो तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली. प्रदर्शनाला नाव गेले नाही, हे तिला कळले होते. त्याबद्दल तिने विचारले नाही.

“ते दुसरं आजोबा न्हाई आलं?”

मी म्हणालो की ते सांगलीला आहेत.

“त्यांनी केलं व्हय?”

न्यायालयात मी शेकडो साक्षीदारांना ह्याच प्रश्नाशी अडखळताना पाहिले आहे. काहींना पाणी हवे असते, काहींना ऐकू येत नाही. मी होय म्हणालो.

तिने खाली पाहिले. तिला गडगडण्याचा नियम त्यानेच शिकवला होता, मी नव्हे. शाबासकी त्यानेच दिली होती. तिचा चेहरा कुणीतरी आतून ओढून घ्यावा तसा झाला. तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात काही आलेच नव्हते. एसटी येताना दिसली, मी पिशवी उचलली.

“मग त्यांना सांगा,” ती म्हणाली, “तांबडाच पुढं गेला.”

गेल्या वर्षभरात मी पुष्कळ पत्रे लिहिली. प्रदर्शनाचे आयोजक, गटशिक्षण कार्यालय, आणि वृत्तपत्राचे वाचकांचे सदर, सर्वांना. काहींची उत्तरे आली. शाळेत टाकी बसली, नळाला पाणी येते, असे सुभेदारांनी कळवले. मित्राचा फोन दिवाळीला आला होता, मी उचलला नाही. त्याला पाठवायच्या पत्रात एकच ओळ आहे. ती मी चार वेळा लिहिली आणि चारही कागद टेबलाच्या खणात आहेत. पत्ता लिहायला घेतला की मला त्याच्या घरातला तो माझा वेगळा कप दिसतो आणि पेन पुढे सरकत नाही. निरोप मात्र तिचा आहे, माझा नव्हे. तो अडवून ठेवण्याचा मला अधिकार नाही.